तीच ज्योत की दुसरी?

दिवाळीत मोबाइलवर फिरणारी हलती पणती जरा बारकाईनं बघावी. पणती, रांगोळी, वरचं ‘शुभ दीपावली’ सगळं जागच्या जागी. हलते ती फक्त ज्योत. असं चित्र हलकं करायला बसलेला माणूस पहिली चौकट पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चौकटींत ज्योतीपुरता छोटा आयत राखून बाकीचं कापून टाकतो. जीआयएफमध्ये ही सोय १९८९च्या आवृत्तीपासून आहे.

ज्योतीचा प्रश्न मात्र फार जुना. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? राजा नाही म्हणतो. मग दिवे वेगळे होते का? तेही नाही. पुढे बौद्ध तार्किकांनी क्षणभंगवाद मांडला: टिकणारी वस्तू नाहीच, आहे तो क्षणांचा प्रवाह.

व्हिडिओवाल्यांना हे मत सोयीचं वाटावं. फुल एचडीची एक चौकट म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशा २५ पाठवायच्या तर दीडशे एमबीच्या वर. म्हणून २००३ साली आलेलं एच.२६४ अधूनमधून एक पूर्ण चौकट, म्हणजे की-फ्रेम, पाठवतं. मधल्या चौकटींत नुसता फरक. मागच्या चौकटीतला १६ बाय १६ ठिपक्यांचा चौकोन उचल, तीन ठिपके डावीकडे सरकव. भिंत स्थिर असेल तर ‘होतं तसंच’. काही चौकटी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्हींवरून बनतात; पुढची आधीच पाठवलेली असते. तिन्ही काळ खरे मानणाऱ्या सर्वास्तिवाद्यांना गंमत वाटली असती.

न्यायदर्शन मानणारा नैयायिक इथे गप्प बसणार नाही. टिकणारा आत्मा नसेल तर देवदत्तानं पाहिलेलं यज्ञदत्ताला का आठवत नाही, हा त्याचा ठरलेला आक्षेप; उदयनाचार्यांचा ‘आत्मतत्त्वविवेक’ बौद्धांचा पक्ष खोडायलाच लिहिलेला. मागची चौकट कुणी धरूनच ठेवली नसेल, तर ‘तीन ठिपके डावीकडे’ कशाच्या?

ही गफलत डोळ्यांनी बघता येते. दोन दृश्यं जोडताना दुसऱ्याची की-फ्रेम काढून टाकली, की पहिल्यातल्या माणसाचा चेहरा दुसऱ्यातल्या नर्तकीच्या हालचालीनं ओढला जातो. गाल तिच्या हाताच्या दिशेनं वाहत जातो. काही कलाकार हे मुद्दाम करतात, त्याला डेटामॉशिंग म्हणतात. देवदत्ताचं यज्ञदत्ताच्या गळ्यात!

बौद्धाचं उत्तर तयार आहे: धरून ठेवणारी मेमरीसुद्धा सतत पुसून नव्यानं लिहिली जाते, तीही प्रवाहच, घोळ झाला तो दोन प्रवाह तोडून जोडल्यानं. उत्तर चांगलं आहे, पण अभियंते त्यावर विसंबत नाहीत. वाटेत एक तुकडा गळला तरी चूक पुढच्या चौकटींत पसरत जाते. म्हणून अ‍ॅपलची स्ट्रीमिंगची नियमावली दर दोन सेकंदांनी की-फ्रेम असावी असं सांगते. ही फ्रेम दोन्ही पक्षांना अडचणीची: तिला मागचं काहीच आठवावं लागत नाही, आणि तिच्यावाचून प्रवाह सुरूही होत नाही. क्रिकेटचा सामना मधूनच लावणाऱ्याला चित्र दिसू लागतं ते तिच्यापासूनच.