नाथांचा रांजण आणि आपले पाणी

पैठणास श्रीनाथांच्या वाड्यातील रांजण ज्याने पाहिला नाही असा मराठवाड्यातील वारकरी विरळा. प्रत्यक्ष द्वारकानाथाने श्रीखंड्या हे नाव घेऊन बारा वर्षे त्या घरी कावडीने गोदावरीचे पाणी भरले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आजही तुकाराम बीजेस तो रांजण भरण्यास आरंभ होतो. भाविक घागरी ओततात, आणि रांजण भरून वाहू लागला की देव येऊन पाणी घालून गेला असे मानून नाथषष्ठीचा उत्सव सुरू होतो. कथा ऐकताना डोळे पाणावतात, ते योग्यच आहे. पण ज्या पाण्याची कावड भगवंताने खांद्यावर घेतली, त्या पाण्याशी आपण आज कसे वागतो? एवढा एकच प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवणार आहोत.

कीर्तन आटोपल्यावर कोणी कोणी भाविक आम्हास विचारतात, "महाराज, गोदामाई पापनाशिनी. जन्मोजन्मीचे पाप जी धुते तिला आमच्या चार फुलांनी आणि साबणाच्या एका वडीने काय होणार?" शंका भक्तीची दिसते खरी, परंतु तिच्यात पाप आणि मळ या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. पाप हा चित्ताचा दोष, मळ हा वस्तूचा. नदी पाप हरते ही आपली श्रद्धा आहे. मळ मात्र ती हरत नाही, तो उचलून पुढच्या घाटावर नेऊन ठेवते, आणि त्या घाटावरही कोणाची तरी लेकरे पाणी पीतच असतात! म्हणून तर मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे नियम सांगताना, पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, घाण वस्तू टाकू नये, असा स्पष्ट निषेध केला आहे. जे घडण्याचा संभव असतो त्याचाच निषेध करतात, हा मीमांसेचा साधा न्याय आहे. पाणी बिघडतच नसते तर ऋषींनी हे सांगण्याचा खटाटोप कशाला केला असता?

आता शास्त्र क्षणभर बाजूला ठेवू आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच पाहू. हे शहर मुळात पाण्याची कदर करणारांनी वसवले. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसवली, आणि पुढे थोड्याच वर्षांत डोंगराकडचे झरे जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. पाणचक्कीला मातीच्या नळांतून आलेल्या पाण्यावर जाते फिरत असे. त्या पाणचक्कीच्या कडेनेच खाम नदी वाहते. जटवाड्याच्या डोंगराकडून निघून हर्सूलच्या अंगाने ती शहरात येते, पुढे वाळूजकडे वळते आणि अखेर नाथसागराच्या पाण्याला मिळते. नाथसागर म्हणजे पैठणचे जायकवाडी धरण. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 साली त्याची पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. आपल्या शहराला पिण्याचे पाणी कुठून येते? याच नाथसागरातून!

लक्षात घ्या बरं का. शहरातल्या नाल्यात जे टाकले ते खामेत गेले, खामेचे नाथसागरात गेले, आणि तेच पाणी जलवाहिनीने पुन्हा आपल्या माठात आले. कर्माचे फळ कर्त्याकडे परत येते हा सिद्धान्त कळण्यासाठी आता ग्रंथ उघडण्याचीही गरज उरली नाही. घरचा नळ उघडला की पुरे.

कोणी म्हणेल, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आहेत ना? आहेत. तुरटीने गाळ बसतो, क्लोरिनने जंतू मरतात. पण कारखान्याची रसायने आणि पाण्यात विरघळलेले क्षार तेवढ्याने जात नाहीत. निर्माल्याचे ढीग पाण्यात कुजतात तेव्हा पाण्यातला प्राणवायू खर्च होतो आणि मासे तडफडून मरतात. सांडपाणी आणि साबणाची पूड यांवर जलपर्णी माजते, ती पाण्यावर गोधडीसारखी पसरते आणि खालच्या जिवांना ना ऊन मिळते ना वारा. देवाला वाहिलेल्या फुलाने जर जीव मरत असेल तर ती पूजा कोणाला पोचली, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

नाथांनी तो विचार केला होता. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, आणि रामेश्वर इथेच पावला असे मानले. या कथेचे मर्म केवळ दयेपुरते नाही. पाणी तहानेल्याच्या मुखी शुद्ध पोचणे हाच रामेश्वराचा अभिषेक, असे नाथांनी आचरून दाखवले. मग तेच पाणी तहानेल्यापर्यंत पोचण्याआधी जो नासवतो, तो कोणाच्या अभिषेकात विघ्न आणतो?

असे असले तरी निराश होण्याचे कारण नाही. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगाव परिसरातील गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षे शहराची घाण त्यांच्या उशाशी पडत होती, ती आणखी किती सोसावी? त्या दिवसांत शहराच्या गल्लोगल्ली कचरा साचला आणि नागरिकांना उमगले की 'टाकून दिले' म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे, ते दुसऱ्याच्या दारी गेले. तेव्हापासून ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याकडे लोक वळले. पुढे 2021 पासून महानगरपालिका, छावणी परिषद, एक पर्यावरण संस्था आणि एक उद्योगसमूह यांनी मिळून खाम नदीचे काम हाती घेतले. पात्रातला कचरा उपसला, नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या, काठावर देशी झाडे लावली, नागरिक हाती फावडी घेऊन उतरले. 2023-24 साली शहरांसाठीच्या एका जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीत या कामाचे नाव आले. काम पुष्कळ शिल्लक आहे. पण सरकार, संस्था आणि साधा माणूस एका दोरीला लागले तर नाल्याची पुन्हा नदी होऊ लागते, हे आपल्याच गावाने पाहिले.

आणि आपल्या कीर्तनपरंपरेला हे नवे आहे काय? संत गाडगेबाबांनी 1956 साली देह ठेवला. ते गावात शिरत ते खराटा हाती घेऊनच. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनाने मन झाडावे, असा त्यांचा क्रम. आम्ही कीर्तनकारांनी त्यातला दुसरा भाग तेवढा उचलला. पहिला आता सर्वांनी मिळून उचलायचा आहे.

तो कसा, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम आपले स्वतःचे. वारीला निघताना पडशीत एक ताट, एक तांब्या आणि एक पेला घालावा. हिशेब करून पाहा. दिंडीत 200 माणसे, दिवसाकाठी प्रत्येकी 4 फेकायचे पेले, वाटचाल 18 दिवसांची धरली तर एका दिंडीमागे 14,400 पेले रस्त्यावर पडतात! कागदी म्हणून मिरवणाऱ्या पेल्यालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो मातीत जिरत नाही. चंद्रभागेत काय, गोदावरीत काय, स्नान करावे; साबण लावू नये, जुने कपडे सोडू नयेत. निर्माल्य घरच्या तुळशीखाली किंवा खड्ड्यात पुरावे, त्याचे खत होते. गणपती शाडू मातीचा आणावा.

दुसरे दिंडीचे. मुक्काम हलला की रान झाडून मगच पताका पुढे निघावी. ज्या शेतकऱ्याने आपले वावर मुक्कामाला दिले त्याच्या वावरात आपण पिशव्या टाकून जातो, आणि अन्नाच्या वासाने त्या त्याच्या गाईच्या पोटात जातात. पिशवी पचत नाही, पोटात गोळा होऊन राहते आणि जनावर दगावते. सकाळी गोमातेला हात जोडायचे आणि जाताना तिला विष ठेवायचे, हे वारकऱ्याला शोभत नाही. जसा वीणेकरी नेमतात, चोपदार नेमतात, तसे चार सेवेकरी यासाठी नेमावेत, आणि त्यांचा मान टाळकऱ्यांपेक्षा कमी समजू नये. पंक्तीला पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात, म्हणजे त्या वळणाऱ्या गरिबाची चूलही पेटेल. थर्माकोलची ताटे तर महाराष्ट्रात 2018 पासून कायद्यानेच बंद आहेत. निर्मल वारीची फिरती शौचालये उभी केलेली असतात, ती असताना उघड्यावर बसू नये.

तिसरे संस्थाने, मंडळे आणि सप्ताह समित्यांचे. सप्ताहातील उष्टे-खरकटे नाल्यात न लोटता खड्ड्यात घालून त्याचे खत करावे. मंदिराच्या छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीजवळ जिरवावे. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब लावावेत; पण रोप लावतानाचा फोटो काढून मोकळे होऊ नये. मराठवाड्याच्या उन्हात रोप जगवायचे तर निदान तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे लागते. म्हणून ज्या घरी रोप द्याल त्या घराकडून तीन उन्हाळ्यांचे वचन घ्यावे. कीर्तनकाराला हाराऐवजी असे एखादे वचन दिलेत तर आम्हास तो मोठा सन्मान वाटेल.

हे नामस्मरण सोडून करायचे नाही, नाम घेत घेत करायचे आहे. मुखी नाम आणि हाती खराटा, यांचे कधीच वैर नव्हते.

येत्या नाथषष्ठीला पैठणास याल तेव्हा रांजणात घागर ओतताना क्षणभर थांबा. हे पाणी श्रीखंड्याच्या कावडीत घालण्याजोगे आहे काय, असे मनाला विचारा. उत्तर 'होय' असे येईल इतकी गोदामाई निर्मळ राहो, आणि तिला निर्मळ राखण्याची बुद्धी पांडुरंग आपणा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरी!