क्लॅम्प सोडल्यावर

भूमितीत प्रतल म्हटलं की विषय संपतो. मशिन शॉपमध्ये तो तिथून सुरू होतो. पूर्ण सपाट असं तिथं काहीच नसतं. पृष्ठभागावरचे सगळे उंचसखल बिंदू ज्या दोन समांतर प्रतलांच्या मधे मावतात, त्या प्रतलांमधलं कमीत कमी अंतर म्हणजे सपाटपणाचं माप.

3 मीटर लांबीचा जॉब प्लॅनोमिलरवर क्लॅम्प करून फिनिश कट मारला आणि तिथंच डायल फिरवला, तर काटा जेमतेम हलतो. मग क्लॅम्प ढिले करायचे. दाब गेला की जॉब स्प्रिंग घेतो आणि तोच काटा वेगळं सांगायला लागतो.

रिपोर्टवर कुठला आकडा लिहायचा? मी तपासणीत काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला तात्त्विक वाटण्याआधी नोकरीचा वाटतो. पहिला लिहिला तर गाडी आजच निघते.

सोपं उत्तर असं, की मोकळ्या अवस्थेतला आकार खरा. सहज वाकणाऱ्या भागांसाठीच्या आयएसओ 10579 या मानकात मोकळ्या अवस्थेची खूणही आहे, वर्तुळातलं एफ. पण मोकळा म्हणजे किती मोकळा? काही टनांचा जॉब हवेत तरंगत नाही. आधारांच्या मधे त्याला झोळ पडतो, आधार सरकवले की झोळ बदलतो. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एअरी या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञानं मोजमापाच्या दांड्याचे दोन आधार कुठं ठेवावेत याचं गणित मांडलं. दोन आधारांतलं अंतर लांबीच्या 0.577 पट ठेवायचं. त्यानं टोकं एकमेकांना समांतर राहतात. झोळ तरीही उरतोच.

उष्णतेचंही तसंच. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. पण 2 मीटर लांब, 200 मिलिमीटर जाड पोलादी प्लेटचा माथा तळापेक्षा एकाच अंशानं गरम असला, तरी ती मधे सुमारे 29 मायक्रॉन फुगते. कारण कधी कधी एवढंच, की शेडच्या दारातून ऊन आलं.

म्हणजे आधाराशिवायचा आकार कुणी मोजलेलाच नाही. "तो मुळात तसा नाही, परिस्थितीनं झाला" असं आपण म्हणतो, तेव्हा असाच एक तरंगता माणूस गृहीत धरतो. घर, नोकरी, हप्ते, चार लोकांची नजर वजा करून उरणारा "खरा मी" कुणी पाहिलाय?

यावर "मग सगळंच सापेक्ष" म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आधार कुठं, क्लॅम्प घट्ट की ढिले, तापमान किती, हे एकदा ठरलं की काटा आपल्या सोयीनं हलत नाही. क्लॅम्पमधला आकडाही खराच असतो. लबाडी होते ती तो लिहून क्लॅम्पचा उल्लेख गाळण्यात. कारण घेणारा तो जॉब स्वतःच्या फाउंडेशनवर बसवणार, बोल्ट आवळणार, त्यावर त्याचं मशिन चालणार. त्याला त्या अवस्थेतला सपाटपणा हवा असतो.

माणूस जोखतानाही मी हेच विचारतो: याला कुणाच्या दाबाखाली पाहिलं, आणि उद्या याला कुठं उभं राहायचंय? साहेबांसमोर सरळ वागणारा खोटाच असतो असं नाही. फक्त ते माप साहेबांसमोरचं आहे, एवढं शेजारी लिहिलेलं असावं.