वाटेवरचा शेजारी

शास्त्रपाठ : लूक ९:५१–५६ व १०:२५–३७



गेल्या मार्च महिन्यांत आम्ही मोलगीहून निघून, सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेल्या ख्रिस्ती घरांस भेटी देत, नर्मदेच्या कांठीं मणिबेलीपर्यंत पायीं गेलों. बरोबर एक उपदेशक व मंडळींतील एक तरुण होता. ह्या प्रवासांत देवानें आम्हांस एक धडा शिकविला. तो शिकण्यापूर्वीं आम्ही एका साध्या बंधूस चुकीचें उत्तर देऊन बसलों होतों. म्हणून ही हकीकत लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

मणिबेली हें अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल लोकांचें गांव. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या ह्या बाजूनें जात आले आहेत. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर मिळून ही वाट २६०० किलोमीटरांहून अधिक होते. नदी सदा उजव्या हातास ठेवावयाची, पात्र ओलांडावयाचें नाहीं, जें मिळेल तें खावयाचें, असा त्यांचा नेम असतो. यथाविधि परिक्रमेस तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस लागतात असें ते मानितात. बडवानीकडून पश्चिमेस येतांना त्यांस शूलपाणीची झाडी लागे. ह्या झाडीचें नांव काढतांच यात्रेकरूंचा थरकांप होई. कारण तेथें भिल्ल लोक त्यांस लुटीत व अंगावर लंगोटीखेरीज कांहीं ठेवीत नसत. तरी यात्रेकरू त्यांस 'मामा' म्हणत. नर्मदा ही माता, म्हणून तिचे भाऊ ते मामा. आणि ही लूट म्हणजे मातेनें घेतलेली परीक्षा, अशी त्यांची समजूत होती. झाडीच्या शेवटीं मणिबेलीजवळ शूलपाणेश्वराचें देऊळ होतें.

आतां तें देऊळ तेथें नाहीं. सरदार सरोवराच्या धरणाचें पाणी चढत गेलें, आणि १९९३ सालच्या पावसाळ्यांत मणिबेलीचीं घरें पाण्याखालीं जाऊं लागलीं. महाराष्ट्रांत ह्या धरणाची झळ लागलेलें हें पहिलें गांव. १९९४ सालीं जगांतील ४४ देशांच्या तीनशेंहून अधिक संस्थांनीं मोठ्या धरणांविषयीं एक जाहीरनामा काढला, त्यास ह्याच लहानशा गांवाचें नांव दिलें. धरण २०१९ सालीं प्रथमच पूर्ण भरलें. तें पाणी सौराष्ट्र व कच्छ येथील तहानलेल्या गांवांस मिळतें हें खरें. आणि तें ज्यांच्या शेतांवर उभें आहे त्यांतील कित्येक कुटुंबें तळोदें तालुक्यांतील वसाहतींत गेलीं व कित्येक डोंगराच्या उतारावरच राहिलीं, हेंहि खरें. देवळाची नवी इमारत गुजरातेंत गोरा येथें झाली आहे. कांठची जुनी वाट बुडाल्यामुळें परिक्रमावासी आतां वरून, डोंगरांतून वळसा घेऊन जातात.

अशाच एका वळशावरील पाड्यांत आम्ही एका ख्रिस्ती बंधूच्या घरीं मुक्कामास होतों. प्रार्थना झाल्यावर त्यानें आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, परिक्रमेचे लोक आमच्या दारावरून जातात. भाकर मागतात, रात्रीं ओट्यावर निजूं द्या म्हणतात. पूर्वीं आम्ही देत होतों. बाप्तिस्मा घेतल्यापासून मन खातें. ते नदीला देव मानून चालतात. त्यांना भाकर दिली तर त्यांच्या पूजेंत आमचा वांटा होतो काय?"

आम्ही दिवसभराचे थकलेले होतों. फारसा विचार न करितां आम्ही म्हणालों, "त्यांची सोय त्यांचे लोक पाहतील. तूं पाणी दे, आणि वाटेस लाव." तो बरें म्हणाला. चुलीजवळ बसलेल्या त्याच्या बायकोनें आमच्याकडे एकवार पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. आमच्या पुढ्यांत तिनेंच वाढलेली भाकर होती, हें तेव्हां आमच्या लक्षांत आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वाट चुकलों. ऊन तापलें, जवळचें पाणी संपलें, आणि एका घसरणीवर आमच्या तरुण सोबत्याचा पाय मुरगळला. त्यास दोहों बाजूंनीं धरून आम्ही कसेबसे मणिबेलीच्या उतारावरील एका झोंपडीपाशीं पोहोंचलों. तेथें एक म्हातारा व त्याची बायको मोहाचीं फुलें वाळत घालीत होतीं. तीं ख्रिस्ती नव्हतीं. आम्ही कोण व कशासाठीं फिरतों हें उपदेशकानें त्यांच्याच बोलींत मोकळेपणानें सांगितलें. म्हाताऱ्यानें तें ऐकून घेतलें, प्रथम पाणी दिलें, मग तरुणाचा पाय आपल्या मांडीवर घेऊन एरंडाचें पान शेकून बांधलें. म्हातारीनें भाकर, उडदाची डाळ व मिरची पुढें ठेविली. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानें खालच्या निळ्या पाण्याकडे बोट दाखविलें. त्याचें जुनें घर व शेत तेथें खालीं होतें.

निघतांना आम्ही पैसे देऊं लागलों, ते त्यानें घेतले नाहींत. आम्हांस राहवेना. आम्ही विचारिलें, "बाबा, आम्ही तुमच्या धर्माचे नव्हे, असें असून तुम्ही एवढें केलेंत?" त्याचें उत्तर उपदेशकानें आम्हांस मराठींत सांगितलें : "चालणारा कोठें जातो हें आम्ही विचारतों, तें त्याला वाट दाखविण्यासाठीं. भाकर देण्यासाठीं विचारीत नाहीं."

त्या शब्दांनीं आमची मान खालीं गेली. आदल्या रात्रीं आम्ही काय सांगून आलों होतों!

बंधुभगिनींनो, लूकाच्या नवव्या अध्यायांत आपला प्रभु स्वतः पायीं चालणारा वाटसरू आहे. तो गालीलाहून यरुशलेमेस चालला होता. वाटेंत शोमरोन्यांच्या एका गांवांत उतरण्याची सोय पाहावयास त्यानें माणसें पुढें पाठविलीं, पण त्या गांवानें त्यास थारा दिला नाहीं. कां दिला नाहीं? तो चोर होता म्हणून नव्हे. त्याचें तोंड यरुशलेमेकडे होतें, एवढेंच कारण. शोमरोनी लोक गरिज्जीम डोंगरावर उपासना करीत. दुसऱ्या ठिकाणीं उपासनेस जाणाऱ्याला त्यांच्या ओट्यावर जागा नव्हती. ज्याचें तोंड आपल्याकडे नाहीं त्यास भाकर नाहीं, हा आम्ही पाड्यांत सांगितलेला नियम त्या गांवानें अगोदरच पाळला होता. आणि तो ज्याच्यावर चालविला तो आपला तारणारा होता.

याकोब व योहान ह्यांस राग आला. आकाशांतून अग्नि पाडावा असें त्यांच्या मनांत होतें. प्रभूनें त्यांसच दटाविलें आणि मुकाट्यानें दुसऱ्या गांवीं गेला. इतकेंच नव्हे, तर पुढच्याच अध्यायांत शेजारी कोण हें शिकवितांना त्यानें उदाहरणास घेतला तो शोमरोनी मनुष्य! ज्या लोकांनीं त्यास दारांतून परतविलें त्यांच्यांतीलच एकास त्यानें सर्व जगाचा गुरु केलें.

यरुशलेमेहून यरीहोस जाणारी ती वाट सुमारें १७ मैलांची, आणि तेवढ्यांत तीन हजार फुटांहून अधिक उतरणारी. ओसाड व चोरांची. याजक त्या वाटेनें खालीं उतरत होता, असें लूक लिहितो. म्हणजे तो यरुशलेमेकडून, मंदिराच्याच बाजूनें येत होता. अर्धमेला पडलेला मनुष्य उघडा होता, बोलत नव्हता. अंगावर वस्त्र नाहीं, तोंडांत शब्द नाहीं. मग त्याची जात कोणती व पंथ कोणता हें कसें ओळखावें? शोमरोन्यानें तें ओळखण्याचा प्रयत्नच केला नाहीं. त्यानें तेल व द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर त्यास बसविलें, आणि उतारशाळेच्या मालकास दोन दीनार दिले.

हें वाचणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस लोकांनीं 'लुटारू' म्हटलें आहे. शूलपाणीच्या झाडीची गोष्ट सांगणारे आजहि तेंच म्हणतात. शोमरोन्यांसहि असेंच तुच्छ मानीत असत. परंतु ज्याचें शेत पाण्याखालीं गेलें तो म्हातारा आम्हां परक्यांची जखम बांधीत बसला होता. लुटला गेलेला कोण, व शेजारी झालेला कोण, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

आतां त्या बंधूच्या प्रश्नाचें उत्तर. परिक्रमेनें पापक्षमा मिळते असें आम्ही मानीत नाहीं. पावलें मोजून तारण मिळत नाहीं, तें देवाच्या कृपेनें, विश्वासाच्या द्वारें मिळतें (इफिस. २:८). यात्रेकरूबरोबर नदीस नारळ वाहावयास जाऊं नका. आणि त्यानें विचारिलें तर आपला प्रभु कोण हें न भितां सांगा. परंतु भाकर ही पूजा नव्हे. भुकेल्याच्या पोटांत गेलेली भाकर ज्यानें ती पिकविली त्या देवाचीच आहे, आणि तो तर आपला सूर्य सर्वांवर उगवितो (मत्तय ५:४५). ती देतांना तिची किंमतहि मागूं नका. 'आधीं आमचें ऐक, मग भाकर घे,' असें म्हणणारा शेजारी नव्हे, दुकानदार होय.

आणि उपदेशक बंधूंनो, ज्यास कृपा ठाऊक नाहीं तो पुण्यासाठीं २६०० किलोमीटर चालतो; ज्यांस ती फुकट मिळाली ते आपण एका आजारी घरासाठीं दोन कोस चालावयास कुरकुर करितों, ह्याची आपणांस लाज वाटूं द्या.

परत येतांना आम्ही मुद्दाम त्याच पाड्यावरून आलों आणि त्या बंधूपुढें आपली चूक कबूल केली. तो कांहीं बोलण्यापूर्वींच चुलीपासून त्याची बायको म्हणाली, "तुम्ही गेलांत त्याच सकाळीं दोघे आले होते. उपाशी होते. मीं भाकर दिली."

प्रभु आपल्या सर्वांस असें हृदय देवो, आणि तो ज्या दिवशीं वाटसरू होऊन आपल्या दारीं येईल त्या दिवशीं त्याचें तोंड कोणीकडे आहे हें पाहण्यांत आपली भाकर थंड होऊं न देवो. आमेन.