वाळे की बेडी?

दिवाळी सरली की करमाळा तालुक्यात केत्तूर, वाशिंबे या बाजूस उजनी धरणाच्या फुगवट्यावर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. भीमाकाठच्या गावांना उठविणाऱ्या याच पाण्याच्या उथळ काठावर रोहित पक्षी चिखल गाळून खाद्य वेचतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस चरतात. असा पक्षी जाळ्यात धरावा, पायात क्रमांकाची कडी घालावी व त्याला सोडून द्यावे, ही पद्धत १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने रूढ केली. प्रश्न असा, की देवाने मोकळे सोडलेल्या जिवाला, त्याच्या हिताकरिता का होईना, धरण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

हा प्रश्न पोरकट नव्हे. मुठीतल्या पक्ष्याला आपला हेतू समजावून सांगता येत नाही. काळजी घेऊनही क्वचित एखादा दगावतो.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, तेही संशयापोटी. १९५७ साली आजच्या कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात नवा ताप आढळला. त्याचा विषाणू सैबेरियाकडील विषाणूशी मिळताजुळता निघाला, तेव्हा तो स्थलांतरित पक्ष्यांनी आणला की काय, अशी शंका आली. डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या. पक्षी सुखरूप धरण्याचे कसब होते बिहारमधील मीरशिकार या पिढीजात पारध्यांचे. पुढे याच कड्यांवरून पक्ष्यांचे मार्ग व मुक्काम उमगले आणि कोणत्या पाणथळी राखावयास हव्यात, हेही कळले. संशयाने उघडलेली वही अशी जिव्हाळ्याची झाली.

प्रत्येक वहीचे असे होत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्याने दुसरी वहीही पाहिली आहे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. त्याखाली फासेपारध्यांसारख्या जमातींची नावे नोंदली गेली, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी लावली गेली. सोलापुरास त्यांच्यासाठी कुंपणाची वसाहत उभी राहिली. कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र अजून पुरता मावळलेला नाही. त्या नोंदीतील माणसे हरवू नयेत म्हणून नव्हे, तर निसटू नयेत म्हणून मोजली गेली होती.

पवित्र शास्त्रातही दोन मोजण्या आहेत. दावीद राजाने आपले बळ किती, हे पाहण्यासाठी प्रजेची शिरगणती केली आणि ती त्याला पाप म्हणून टोचली. शंभर मेंढरांचा मेंढपाळही मोजतो. मोजले नसते तर एक कमी आहे, हे त्याला कळलेच नसते. परंतु कळल्यावर तो वही मिटून स्वस्थ बसत नाही. तो रानात निघतो.

आमच्या मते उत्तर येथे आहे. पक्ष्याला धरावे लागले तर शासनाच्या अनुमतीने, शिकलेल्या हातांनी, अत्यल्प वेळ धरावे. अंगावरचा भार त्याच्या उड्डाणाला जड होऊ नये. मात्र एवढ्याने अधिकार मिळत नाही. ज्याने क्रमांक दिला, त्याच्यावर त्या जिवाचे पाणी व माळ राखण्याचे ऋण चढते. ते फेडणाऱ्याची कडी म्हणजे आईने तान्ह्याच्या पायात घातलेले वाळे; न फेडणाऱ्याची ती बेडी.

आमच्या धर्मग्रामातही एक वही आहे, स्नानसंस्काराची. तीत प्रत्येकाच्या नावापुढे क्रमांक असतो. त्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे वेदीपाशी दिसत नाहीत. त्यांची संख्या आम्ही अहवालात बिनचूक लिहितो. त्यांच्या दारी मात्र आम्ही कितीदा गेलो?