पंगतीत बसून उपाशी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या महिन्याच्या चिंतनासाठी आपल्या एका गुरुभगिनीने प्रश्न पाठवला आहे. तिचा मुलगा चार वर्षांचा. गहू, दूध, अंडं आणि शेंगदाणे या चारही गोष्टींची त्याला ॲलर्जी आहे. ती लिहिते, "गुरुवारी आरतीनंतर मी त्याला शिरा घेऊ देत नाही. कुणी म्हणतं, प्रसाद नाकारला की दोष लागतो. कुणी म्हणतं, श्रद्धा असली की काही होत नाही, कणभर दे. मी चुकते आहे का?"

प्रश्न एका आईने विचारला, पण तो आपल्या प्रत्येक केंद्राला, प्रत्येक स्वयंपाकघराला आहे. म्हणून थोडा सविस्तर विचार करू.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण बरेचसे गैरसमज तिथेच होतात. "मला वांगं सोसत नाही" असं आपण म्हणतो तसं हे नव्हे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. काही मुलांच्या बाबतीत ती यंत्रणा अन्नातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. मग अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, श्वास घरघरतो. कधी कधी जिवावर बेततं. आणि त्यासाठी वाटीभर खावं लागत नाही, चिमूटभरही पुरतं. "कणभराने काय होतंय" हे वाक्य इथे लागू होत नाही. कणभरानेच होतं.

आता श्रद्धेचं बोलू. अन्नाला आपण ब्रह्म म्हणतो. तैत्तिरीय उपनिषदात भृगूची गोष्ट आहे. वडिलांनी, वरुणाने, त्याला तप करायला सांगितलं. तप करून त्याला पहिलं उत्तर सापडलं ते अन्न. वरुणाने त्याला पुन्हा तप करायला पाठवलं. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. म्हणजे अन्न ही पहिली पायरी, पण तिच्यावर उभं राहायचं ते पुढच्या पायरीवर जाण्यासाठी. ज्या अन्नाने प्राणच संकटात येतो, ते त्या मुलासाठी पायरी कशी होईल?

त्याच उपनिषदात आणखी एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. अन्न हे सर्वांचं औषध आहे असं ते म्हणतं, आणि लगेच पुढे असंही म्हणतं की अन्न खाल्लं जातं तसंच ते खाणाऱ्यालाही खातं. मी हे कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. ॲलर्जीचं मूल पाहिल्यावर त्यातला एक अर्थ कळला. ऋषींना अन्नाची दोन्ही रूपं माहीत होती. फक्त गोड रूप मानायचं आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करायची, याला श्रद्धा म्हणता येणार नाही.

कुणी म्हणेल, तिथेच तर सांगितलं आहे की अन्नाची निंदा करू नये, अन्न नाकारू नये. खरं आहे. पण तिथे चार गोष्टी एकत्र आहेत. अन्नाची निंदा नको, अन्न नाकारू नको, अन्न भरपूर वाढव, आणि दारी आलेल्या कुणालाही परत पाठवू नको. पहिल्या दोन जेवणाऱ्यासाठी, पुढच्या दोन जेवू घालणाऱ्यासाठी. आपण पहिल्या दोन त्या चार वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईला ऐकवतो. शेवटच्या दोन मात्र स्वतःला ऐकवायला विसरतो. ज्या पंगतीत त्या मुलाला खाता येईल असा एकही पदार्थ नाही, तिथे त्याला पाट मांडून, पान वाढूनही आपण दारातून परतच पाठवलेलं असतं.

राहिला प्रश्न श्रद्धेच्या परीक्षेचा. "महाराजांचा प्रसाद आहे, बाधणार नाही" असं म्हणणाऱ्या आजींचं प्रेम खोटं नसतं. पण परीक्षा आजींच्या श्रद्धेची, आणि पणाला लागतो नातवाचा जीव. स्वतःचा जीव पणाला लावणारे संत झाले. दुसऱ्याच्या, आणि तेही ज्याला हो-नाही म्हणता येत नाही अशाच्या जिवावर श्रद्धा सिद्ध करणं, हा धर्म असू शकत नाही. प्रसाद म्हणजे मुळात प्रसन्नता, कृपा. ती कपाळाला लावलेल्या अंगाऱ्यातून, पायावरच्या फुलातून, नुसत्या तुळशीच्या पाण्यातूनही येते. ती रव्यातूनच यायला हवी असा हट्ट देवाने कुठे केलेला नाही.

दुसरा आक्षेप समतेचा. "महाराजांच्या घरी सगळे सारखे, मग एकासाठी वेगळं का?" पण घरात आई काय करते? शेतावरून आलेल्याला भाकरी, बाळाला मऊ भात, तापातून उठलेल्याला पेज. सगळ्यांना सारखं म्हणजे सगळ्यांचं पोट सारखं भरणं. ताटातला जिन्नस सारखा असण्याची समता ही शिधा मोजण्याची समता आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराची ओळख परिणामावरून सांगितली आहे. आयुष्य, बळ, आरोग्य, सुख वाढवतो तो सात्त्विक. त्या मापाने साजूक तुपातला शिरा या मुलासाठी सात्त्विक ठरत नाही, आणि तांदळाची साधी भाकरी ठरते.

तिसरी गोष्ट पावाची. ही मला सगळ्यांत अवघड वाटते. आम्ही गोव्यातले लोक. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की घराघरांतून मुलं धावतात. पाव, पोई, उंडे, कांकणं. शेजारच्या मुलाच्या हातात गरम पाव, शाळेच्या डब्यात पाव-भाजी. हा मुलगा दारात उभा राहून बघतो. त्याची आई तांदळाच्या पिठाचा पाव करून बघते. तो फुगत नाही, फुगला तर फुटतो. कारण गव्हात जो चिवट चिकटपणा असतो, तोच आंबलेल्या पिठातली हवा धरून ठेवतो. तांदळात, ज्वारीत, नाचणीत तो नाही. म्हणून तर भाकरीचं पीठ आपण कढत पाण्यात मळतो. इसबगोल घालून थोडी पकड येते, दहा वेळा बिघडून अकराव्यांदा बरा पाव होतो.

यावर एका काकांनी विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? त्याला आत्तापासून वैराग्य शिकवा की, पाव नको म्हणायला." मी यावर खूप विचार केला. त्याग कशाचा होतो? जे घेता येतं त्याचा. एकादशीला आपण भात सोडतो, कारण द्वादशीला तो आपलाच असतो. या मुलाला निवडच नाही, मग त्याच्या वाट्याला आलं त्याला वैराग्य म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं पुण्य लावण्यासारखं आहे. आणि त्याला पाव हवा असतो तो जिभेसाठी थोडा, सगळ्यांसारखं होण्यासाठी जास्त. ती ओढ लोभ नव्हे. सत्संगाला आपण तरी का येतो?

तरीही मला वाटतं, पावाची नक्कल हे पूर्ण उत्तर नाही. आपल्याच ओट्यावर गव्हाशिवायचं किती आहे! तांदळाचे पोळे, सान्नां, नारळाच्या रसातलं नाचणीचं तिझान, खतखतं, काजू वगळून केलेलं मणगणं. (प्रत्येक मुलाला काय चालतं ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं.) त्याच्यासाठी पाव करावाच, पण कधी तरी सगळ्या घराने पाव बाजूला ठेवून त्याच्याबरोबर सान्नां खावीत. एकदा त्याने आपल्यासारखं व्हायचं, एकदा आपण त्याच्यासारखं व्हायचं.

मग साऱ्या केंद्राने गहू-दूध सोडायचं का? नाही. तसं मागणंही रास्त नाही, आणि त्या आईने मागितलेलंही नाही. उद्या दुसऱ्या मुलाला तांदूळ चालणार नाही, मग काय उरेल? पण सवय आणि गरज यांत गरजेला पुढे जागा द्यावी, एवढा विवेक आपल्याला करता येतो. माझ्या मते प्रत्येक प्रसाद सेवेने एवढं करावं:

१. महाप्रसादात एक तरी पदार्थ असा असावा जो समोर आलेल्या प्रत्येक मुलाला चालेल. तो आधी, स्वच्छ भांड्यात करावा, वेगळा झाकून ठेवावा. त्याला शिऱ्याचा डाव लावू नये.

२. छुपे जिन्नस ओळखावेत. रवा, शेवया, दलिया हे सगळे गहूच. बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. तुपात दुधाचा अंश राहतो. पंचामृतात दूध, दही, तूप तिन्ही. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, तिळगुळातही दाणे. इंदूरच्या पोह्यांत दाणे, बेळगावच्या कुंद्यात दूध. बाजारच्या पावात दुधाची पावडर किंवा सोयाही असू शकतो.

३. गिरणीत गव्हामागून दळलेलं तांदळाचं पीठ या मुलाला चालत नाही. तांदूळ धुऊन, वाळवून घरीच दळावेत. चाळणही वेगळी.

४. पाकिटाची मागची बाजू वाचावी. २०२० च्या सरकारी नियमांप्रमाणे गहू, दूध, अंडं, शेंगदाणे, सोया असे ॲलर्जीचे घटक त्यावर लिहिणं बंधनकारक आहे.

५. आईला विचारल्याशिवाय कुणीही मुलाच्या हातावर काही ठेवू नये. मोठ्यांनी दिलेलं नाकारू नये असं आपण मुलांना शिकवतो. या मुलाला मात्र "नको" म्हणायला शिकावं लागतं. तो उद्धटपणा नव्हे. त्याच्या "नको"ला आपण शाबासकी द्यायची.

६. त्रास सुरू झाला तर थांबू नये, घरगुती उपाय करू नयेत. हळदीचं दूध तर मुळीच नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते लगेच द्यावं आणि दवाखाना गाठावा. अंगारा जरूर लावा, पण गाडीत बसल्यावर.

दूध, अंडं, गहू यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांमध्ये वयाबरोबर जाते. शेंगदाण्याची सहसा जात नाही. पण ती गेली की नाही हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासायचं असतं, आरतीच्या गर्दीत नव्हे. तसंच, ऐकीव गोष्टींवरून मुलाचे पदार्थ आपणच बंद करू नयेत. वाढत्या वयात तेही नुकसानच.

त्या गुरुभगिनीला एवढंच सांगावंसं वाटतं: ताई, तुम्ही मुलाचा हात मागे घेता तेव्हा प्रसादाचा अपमान होत नाही. रोज वेगळं दळण, वेगळा तवा, प्रत्येक पाकीट तीन वेळा वाचणं, आणि वर लोकांचं "हे आजकालचं फॅड" ऐकून घेणं. तुमची अन्नाची उपासना आमच्यापेक्षा कडक आहे. दोष असेल तर तो तुम्हाला एकटीला हे सगळं करू देणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

पुढच्या गुरुवारपासून गोवा केंद्रात शिऱ्याबरोबर गूळ-खोबरं आणि केळं वेगळ्या ताटात असेल, आणि तीर्थ नुसत्या तुळशीच्या पाण्याचंही असेल. आपापल्या केंद्रात काय करता येईल ते ग्रुपवर जरूर कळवा.

कुणीही आपल्या पंगतीतून उपाशी उठू नये, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

आपली गुरुभगिनी,
प्रसाद सेवा, गोवा