मापाखालचा दिवा आणि बंद खोलीतील शेगडी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने मापाखालच्या दिव्याचा दाखला दिला आहे. त्यावर उपदेश करिताना आम्ही पाळक मंडळी बहुधा एकच गोष्ट सांगतो, ती ही की झाकलेल्या दिव्याचा उजेड घरातील कोणासही मिळत नाही. परंतु शब्बाथ शाळेतील एखादे चौकस मूल याहून सरळ प्रश्न विचारते: "पण पाळकसाहेब, मापाखाली त्या दिव्याचे काय होते?" पुष्कळदा त्या मुलास गप्प बसविण्यात येते. प्रिय बंधुभगिनींनो, तसे करू नये. त्या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या घरातील बाळंतिणीचा आणि तिच्या तान्ह्या लेकराचा जीव अवलंबून असू शकतो.

उत्तर असे की दिवा विझतो. ताटलीत मेणबत्तीचा तुकडा पेटवून त्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत लहान होत जाते व थोड्याच वेळात मालवते. मेण शिल्लक असते, वातही असते, आणि फुंकर तर कोणी घातलेली नसते. मग उणे काय झाले? हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो आणि ज्योत त्यावर जगते. तो सर्व संपेपर्यंतही ती टिकत नाही. १६ भागांच्या आसपास उतरला की ती हार खाते.

हे ज्यांनी शोधून काढिले त्यांपैकी जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडातील एक पाळकच होता. ज्या भांड्यातील हवेत मेणबत्ती विझली होती, त्यात त्याने १७७१ साली पुदिन्याची डहाळी ठेविली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. पुढे १७७४ साली त्याने प्राणवायू निराळा काढून दाखविला. त्याची धर्ममते आम्हांस मान्य नाहीत; तरी पाळकाने रविवारी उपदेश करावा आणि सोमवारी मेणबत्ती झाकून पाहावी, यात आम्हांस काहीच वावगे दिसत नाही.

आता पेल्याच्या जागी खोली धरा. थंडीचे दिवस, घरात बाळंतीण. वारा लागेल म्हणून दार लावलेले, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, आणि बाजेजवळ कोळशाची शेगडी. घरची जाणती बाई कोळसे आधी अंगणात फुलविते आणि धूर गेल्यावरच शेगडी आत आणिते. तिची काळजी खरी आहे. परंतु धूर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत मात्र खोटी आहे. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि त्याने खोकलाही येत नाही. आपल्या रक्तातील जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटीने घट्ट चिकटतो. असे झाले म्हणजे माणूस श्वास घेत असतो, पण त्या श्वासाचा शरीरास उपयोग होत नाही. पोटातील गर्भास व तान्ह्या मुलास तर याचा धोका अधिकच.

येथे कोणी म्हणेल, "खोलीत कंदील नीट जळत होता, तर हवा वाईट कशी?" आमचे लोक जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत, त्यावरून ही समजूत आली असावी. कंदील विझला तर हवा वाईट, एवढे खरे; पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली, असे ठरत नाही. प्राणवायू फारसा कमी झालेला नसतानाही हा विषारी वायू माणसास मारण्याइतका साचू शकतो. या साक्षीदारावर विसंबू नका.

याची लक्षणे साधी असतात: डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, मग गुंगी. खोलीतील सर्वांस एकदमच असे होऊ लागले, कोणास ताप नाही, आणि बाहेर येताच बरे वाटते, तर शेगडीकडे बोट दाखवावे. आमच्या खेड्यांत मात्र बोट शेजारणीकडे वळते. कोणी करणी म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, आणि देवऋषीस बोलावणे जाते. ख्रिस्ती घरांतूनही हे अगदी नाहीसे झालेले नाही, हे लिहिताना आम्हांस दुःख होते. एका निरपराध बाईवर आळ येतो, आणि रोग्यास त्याच बंद खोलीत पुन्हा निजविले जाते! कॅटेकिस्ट बंधूंनी अशा घरी प्रार्थनेस जावे, पण आधी दार उघडावे.

कोणी बेशुद्ध आढळल्यास दारेखिडक्या सताड उघडून त्यास ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, आणि आपणही आत रेंगाळू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण तेथे प्राणवायू देण्याची सोय असते. शहरांत गेलेल्या आमच्या मुलांस हेही कळवावे की कोंदट न्हाणीघरातील गॅसच्या गीझरपासून हाच वायू साचून माणसे दगावतात.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. शेक बंद करा म्हटले तर त्या ऐकणार नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे कारणही नाही. शेक ओसरीवर, मोकळ्या हवेत द्यावा. मग निखारे विझवून शेगडी रात्रभर अंगणातच राहू द्यावी, कारण राखेखालचे निखारेही तो वायू सोडीत असतात, आणि खिडकी किलकिली ठेविल्याने भागत नाही. बाळंतिणीच्या कानास फडके बांधावे, अंगावर आणखी एक गोधडी घालावी. एवढ्यानेही त्यांचे समाधान न झाल्यास नातवास हाक मारावी, आणि त्याच्याकडून मेणबत्तीवर पेला पालथा घालवून त्यांस दाखवावे.