उसंत

पुस्तकांच्या दुकानातून बाहेर पडताना पिशवीचे बंद बोटांत रुततात आणि घरी कपाटात जागा करताना आधीची न वाचलेली पुस्तकं हाताला लागतात. कागदी पुस्तकांचा मोह असा वाटेतच थोडा अडतो. ई-पुस्तकाला वजन नाही, त्याच्यावर धूळ बसत नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सवलतीची पाटी दिसते, अंगठा टेकतो आणि मिनिटाच्या आत पुस्तक आपल्याकडे येतं. ही सोय मुद्दाम घडवलेली आहे. एका टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट अॅमेझॉनला अमेरिकेत १९९९ साली मिळालं आणि ते २०१७ पर्यंत टिकलं. पैसे देण्याआधी ‘हे आत्ता हवंय का?’ असं मनाला विचारायला जी उसंत मिळायची, ती त्या टिचकीनं काढून घेतली. म्हणून मोह आवरत नाही, याचा सगळा दोष वाचकानं स्वतःच्या माथी मारू नये. ती उसंत मात्र आता त्यालाच परत आणावी लागेल.

यावर कुणी म्हणेल, सवलत उद्या राहणार नाही, आज घेऊन ठेवलं तर पुढे कामाला येईल. कणगीत धान्य भरावं तसा हा विचार आहे. पण ई-पुस्तकांच्या कणगीची किल्ली बहुतेक वेळा दुकानदाराकडेच असते. २००९ साली जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, अॅमेझॉननं वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले, कंपनीनं पुढे माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली. तिथेही पैसे परत मिळाले. आपण बहुतेकदा विकत घेतो ती वाचायची परवानगी. मग पाच वर्षांनी वाचायच्या पुस्तकाची परवानगी आजच कशाला घ्यायची?

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. खरेदी थांबली तर लेखकानं जगायचं कशावर? दुबईत किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तर नवं मराठी पुस्तक चटकन मिळायचा मार्ग अनेकदा ई-पुस्तक हाच असतो. त्यानं ते घ्यावंच. पण तीन टक्क्यांवर थांबलेलं पुस्तक लेखकाला एकदाच पैसे देतं. शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक चार जणांना सांगितलं जातं, आणि त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक शोधलं जातं. बहुतेक ई-पुस्तकांची सुरुवातीची पानं फुकट वाचायला मिळतात. ती आधी वाचावीत. नमुन्याचं शेवटचं पान संपलं आणि पुढे काय झालं याची हुरहूर लागली, तर पुस्तक तेव्हाच घ्यावं, सवलत नसली तरी, आणि त्याच रात्री पुढे वाचायला लागावं.